हस्ते इनासिया

रिचमंड, व्हर्जिनिया
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय इनास आंटी,

व्हॉट्सॲपवर फक्त गुलाबाची फुलं पाठवायची आणि बोलायचं ते पत्रातच, हा तुझा कायदा. म्हणून हे पत्र. लाल पेन बाजूला ठेवून वाच. पन्नाशीला टेकलेल्या भाचीच्या शुद्धलेखनाला आता मार्क द्यायचे नसतात.

तुझा जावई ॲल्स्टन कामावर गेला की मला घर खायला उठतं. म्हणून मी इथल्या कोर्टाच्या दप्तरखान्यात बिनपगारी मदतीला जाते. सध्या आमच्या शेजारच्या मिसेस हार्परचं घराणं शोधतेय. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हापासूनची माणसं. जन्माचे दाखले नाहीत, चर्चची पुस्तकं जळून गेलेली. पण जमिनीचे आणि कराचे कागद शाबूत आहेत! त्या वेळी पोरगा सोळा वर्षांचा झाला की बापाच्या करात त्याची भर पडायची. बापाच्या जागी बाईचं नाव आलं की समजायचं, ती विधवा झाली. आणि एखादं नाव यादीतून नाहीसंच झालं, जमीन विकल्याचाही कागद नसला, की तो माणूस मेला, नाहीतर पश्चिमेला निघून गेला. एवढ्या जोरावर मी तिच्या पिढ्यान्‌पिढ्या लावून दिल्या. बाई रडली गं.

मग म्हटलं, आता आपली लावू. तारकर्लीच्या आपल्या बागेचा सातबारा इंटरनेटवर काढला. आंटी, बाग अजून कायतान आजोबांच्या नावावर! म्हणजे माझ्या पद्धतीप्रमाणे आजोबा आज शंभरी ओलांडून गेलेत आणि अजून माड राखतायत. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
मर्लिन


तारकर्ली, ता. मालवण
२७ फेब्रुवारी २०२४

चि. मर्लिन बाय,

पत्र पोचलं. 'नाहीसंच' बरोबर लिहिलंस, बाकी सगळा आनंद आहे. लाल पेन मी उघडत नाही, तुझं पत्र आलं की ते आपोआप उघडतं.

काय गो, तुका दुसरो उद्योग नाय? अडीचशे वर्षांचं घराणं म्हणून त्या मिसेस हार्परचं केवढं कौतुक! आमच्या वाटेवरच्या क्रुसाकडचा आंबा तेवढ्याच वयाचा असेल, त्याला कोणी विचारत नाही.

तुझी पद्धत इथे चालायची नाही. तिकडे माणूस गेला की त्याचं नाव जातं. इकडे नाव काढायचं तर सगळ्या वारसांना एका ठिकाणी आणावं लागतं, आणि सगळे एका ठिकाणी आले की आधी कोण कोणाशी बोलत नाही याची यादी होते. त्यापेक्षा मेलेल्यांनाच शेती करू द्यावी. शेजारच्या दाजी परबाची जमीन तर त्याच्या पणज्याच्या नावावर आहे. आणि तुझा आजोबा जिवंतपणीसुद्धा माडाखाली खाट टाकून झोपायचा, तो आता कसला राखतोय.

सातबाऱ्यावरून आमचा तलाठी आठवला. तुला सांगितलं नसेन. तलाठी म्हणजे आमचा कुत्रा. काळा, कान पडलेला. रॉकने, तुझ्या मोठ्या काकाने, त्याचं नाव ठेवलं होतं. का, तर तो वाडीतल्या प्रत्येक दारात जाऊन बसायचा आणि काही मिळाल्याशिवाय उठायचा नाही. एकदा खरोखरीचे तलाठी आमच्याकडे चहाला आलेले. कुत्रा माशांच्या टोपलीकडे गेला, तशी आई चुलीकडून ओरडली, "तलाठी, मेल्या, भायर हो!" ते बिचारे बशीतला चहा तसाच ठेवून उठले. बाबा मागून पळत गेले समजूत काढायला. रॉक माडाच्या आड बसून पोट धरून हसत होता.

असो. घराणं शोधायचं तर मिसेस हार्परचं शोध. आपलं मला ठाऊक आहे.

तुझी,
इनास आंटी


रिचमंड
२१ मार्च २०२४

प्रिय आंटी,

आधी कबूल करते, म्हणजे तू कमी रागावशील. पंचायतीतल्या सुशांतला मी तुझ्या नकळत मेसेज केला. तो घरपट्टी बघतो ना? जुनी-नवी जेवढी पानं हाताला लागली, तेवढ्यांचे फोटो त्याने पाठवले. आपल्या घराच्या रकान्यात दर वर्षी एकच ओळ आहे. 'रॉक कायतान कार्दोज. कर भरला.' एक वर्ष चुकलेलं नाही. या वर्षीचीही ओळ आहे, शाई ताजी.

आंटी, पप्पांनी मला एवढंच सांगितलं होतं की रॉक काका जहाजावर गेला आणि परत आला नाही. त्यापुढे विचारलं की ते उठून अंगणात जायचे. मी समजत होते तो बुडाला. पण जो माणूस दर वर्षी घरपट्टी भरतो, तो बुडालेला कसा? आमच्याकडे कराच्या यादीत असं सलग नाव दिसलं तर आम्ही डोळे मिटून लिहितो, जिवंत, आणि त्याच घरात राहतो.

काका आहे? कुठे आहे? मला त्याचा फोन नंबर दे.

मर्लिन


तारकर्ली
१२ एप्रिल २०२४

मर्लिन,

माझ्याच शाळेत शिकलेल्या पोराकडून माझीच चौकशी! सुशांतला मी बोलावून घेतलं. कान पकडायला हात पुरला नाही, एवढा उंच झालाय. त्यानेच खाली वाकून कान पुढे केला.

रॉक बरो आसा. कर वेळेर भरता. फोन त्याच्याकडे नाही.

यंदा हापूस कमी आहे. ॲल्स्टनला सांग, काजूची पिशवी तिकडे येणाऱ्या जॅनेटबरोबर पाठवतेय. तिने वाटेत खाल्ली नाही तर पोचेल.

इनास आंटी


रिचमंड
५ मे २०२४

आंटी,

काजू पोचले. अर्धे. जॅनेटने वाटेत खाल्ले हे तिने स्वतःच सांगितलं.

पण तू मला काजूवर वळवू नकोस. माझा काका जिवंत आहे आणि मला ते वहीतून कळतं? पप्पांच्या मातीला तो आला नाही. माझ्या लग्नाला आला नाही. तुझं त्याच्याशी काय भांडण आहे, ते मला सांगायचं नसेल तर सांगू नकोस. पण माझ्यापासून माणूस का लपवतेस? मला वाईट वाटलं, सरळ लिहिते.

आणि लग्नावरून एक आठवलं. आदल्या दिवशी आपल्याकडे भिकाऱ्यांचं जेवण होतं. घरातल्या एकेका मेलेल्या माणसाच्या नावाने एकेक पान मांडत होते, आणि त्या पानावर एकेका गरिबाला बसवत होते. पप्पांनी शेवटी आणखी एक पान मांडलं. तू आतून आलीस, हातातला डाव खाली ठेवलास आणि ते पान उचलून नेलंस. पप्पा रात्री जेवले नाहीत. मला वाटलं, पाहुण्यांच्या गडबडीत मोजायला चुकले असतील.

ते पान रॉक काकाचं होतं ना? पप्पा त्याला मेलेला समजत होते आणि तू जिवंत. मग दोघांपैकी खरं कोण?

मर्लिन


तारकर्ली
८ जून २०२४

मर्लिन बाय,

तुझ्या पत्रात एकही चूक सापडली नाही. लाल पेन हातात घेऊन बसले आणि तसंच ठेवून दिलं.

घर बांधलं तेव्हा बाबांनी ते थोरल्याच्या नावाने लावलं. त्यानंतर रॉक मुंबईहून जहाजावर लागला. एकाहत्तर साल. पोस्टकार्डं यायची. शेवटचं त्र्याहत्तरच्या नाताळात, नॉरफोक बंदरातून. 'इथे फार थंडी आहे, दाजीला सांग घड्याळ आणतोय.' मग कंपनीचं पत्र आलं की तुमचा माणूस नॉरफोकला उतरला तो जहाजावर परत चढलाच नाही. बस. पुढे काही नाही.

आई गेली तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "रॉकचा नाव घरार रवांदे. तो येतलो." म्हणून दर मार्चमध्ये मी पंचायतीत जाते आणि त्याच्या नावाची घरपट्टी भरते. पावतीवर खाली एक ओळ असते, हस्ते. पैसे कोणी आणून दिले त्याचं नाव तिथे लिहितात. वहीत ते उतरत नाही, पावतीवर राहतं. नवीन कारकून आला की विचारतो, "हस्ते कोण?" मी सांगते, "हस्ते इनासिया." मग तो विचारतो, रॉक कार्दोज कुठे आहेत? मी म्हणते, जहाजावर.

तुझ्या पप्पाला हे पटायचं नाही. तो म्हणायचा, ताई, पान मांड आणि मोकळी हो. मी म्हणायची, ज्याचा कर भरला जातो त्याच्या नावाने भिकारी जेवत नाही. तू 'खरं कोण' विचारलंस. मला माहीत नाही गं. म्हणूनच भरते.

तू आता शोधायला निघशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे. शोधू नको. विचारलं की उत्तर येतं.

तुझी,
आंटी


रिचमंड
२४ ऑगस्ट २०२४

प्रिय आंटी,

एवढे दिवस लिहिलं नाही. कारण तुला कळलंच असेल.

आधी माझा एक हिशोब चुकता करू. ॲल्स्टनला दोन नोकऱ्या आल्या होत्या, टेक्सासची आणि इथली. टेक्सासचा पगार जास्त होता. तू फोनवर त्याला तासभर पटवलंस की व्हर्जिनिया बरं, तिथे समुद्र आहे, मासे मिळतात, मर्लिनला मानवेल. आम्ही दोघं म्हणालो, आंटीचा भूगोल केवढा पक्का! आंटी, नॉरफोक आमच्या घरापासून दोन तासांवर आहे. तू मला इथे पेरून ठेवलंस आणि इतकी वर्षं नुसती गुलाबाची फुलं पाठवलीस. लबाड आहेस. स्वतः विचारायचं नाही, दुसऱ्याने विचारलं तर रागवायचं, आणि मनातून वाट बघायची.

तर ऐक. इकडे माणसाच्या होडीवर, गाडीवरही कर असतो. मी नॉरफोकच्या आसपासच्या सगळ्या खाडीकाठच्या गावांच्या कराच्या याद्या बघितल्या. एका लहानशा गावात एक्याऐंशी सालापासून एक रॉक कार्दोज सापडला. एक होडी, एक जुना ट्रक. त्याआधीची वर्षं कुठे होता, ते कागद सांगत नाहीत. बहुतेक लपूनछपून राहिला असेल.

पण रॉक कार्दोज नावाचा माणूस गोव्याचाही असेल, ब्राझीलचाही असेल. मिसेस हार्परच्या कामात मी एवढ्यावर कधीच शिक्का मारला नसता. मग इथल्या, राज्याच्या मोठ्या दप्तरखान्यातल्या बाईने त्या गावाच्या कुत्र्यांच्या परवान्यांची वही काढून दिली. इथे कुत्र्याचाही परवाना लागतो. मालक, रॉक कार्दोज. कुत्रा काळा, नर. आणि नावाच्या रकान्यात इंग्रजी अक्षरात लिहिलेलं, तलाठी.

मी त्या शांत खोलीत एवढ्या मोठ्याने हसले की सगळे वळून बघायला लागले. मग रडायला लागले, तेव्हा एकीने पाणी आणून दिलं. अख्ख्या अमेरिकेत कुत्र्याला तलाठी म्हणणारा दुसरा माणूस मिळणार नाही. तो आपलाच.

शहाण्णव सालानंतर यादीत त्याचं नाव नाही. याचा अर्थ मी तुला पहिल्याच पत्रात लिहिला होता, पुन्हा लिहवत नाही. त्या गावात मी अजून गेलेले नाही. तू सांगितल्याशिवाय जाणार नाही.

तुझी,
मर्लिन


तारकर्ली
१४ सप्टेंबर २०२४

बाय,

शोधू नको म्हटलं होतं, ऐकलं नाहीस. शाळेतसुद्धा ऐकत नव्हतीस.

तलाठी! सायबा रे. पत्र घेऊन मी दाजीकडे गेले. आम्ही दोघं त्याच्या खळ्यात बसून वेड्यासारखे हसलो. त्याची सून सुगंधा बाहेर येऊन बघून गेली.

टेक्सासचं म्हणशील तर तिकडे उकाडा फार. मी तुझ्या भल्यासाठीच सांगितलं होतं.

नाव यादीतून गेलं की माणूस मेला, नाहीतर पश्चिमेला गेला, असं तूच लिहिलं होतंस. मी शाळेचा पृथ्वीचा गोल काढून बघितला. तिथून पश्चिमेला निघालं आणि कुठे थांबलं नाही तर शेवटी मालवणच लागतं. एवढी एक आशा ठेवून लिहिते.

जा. आणि जे असेल ते सगळं सांग. मला लहान मूल समजून काही गाळू नको.

आंटी


रिचमंड
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय आंटी,

गेले होते. काही गाळत नाही.

रॉक काका शहाण्णव सालच्या थंडीत गेला. छातीचं दुखणं. चर्चच्या मागे त्याची कबर आहे. दगड साधा आहे, खेकडे पकडणाऱ्या त्याच्या सोबत्यांनी वर्गणी काढून बसवलेला. त्यावर नाव आहे, साल आहे आणि त्याखाली 'मालवण'. ते कुठे आहे, हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. तो सांगायचा म्हणून त्यांनी कोरून घेतलं. मी मेणबत्ती लावली आणि आपली आमोरीची प्रार्थना म्हटली, कोकणीतून. माझ्याआधी त्याच्यासाठी ती तिथे कोणी म्हटली नसेल.

शेजारी बेट्टी नावाची म्हातारी आहे. तिने त्याला शेवटपर्यंत बघितलं. काकाने लग्न केलं नाही. मासे छान करायचा, तिखट एवढं घालायचा की तिचा नवरा रडायचा. दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी घरी जाणार. आधी कागदपत्रं नव्हती म्हणून भ्यायचा, नंतर इतकी वर्षं गप्प राहिलो, आता कुठल्या तोंडाने लिहू, म्हणून लाजायचा. एकदा बेट्टीने विचारलं, तिकडचं घर पडलं असेल ना रे? तर हसला आणि म्हणाला, "नाही पडत. बहीण आहे."

आंटी, त्याला माहीत होतं.

कुत्रा त्याच्या मागे बेट्टीकडे राहिला. तिने त्याला हाक कशी मारायची ते करून दाखवलं. उच्चार तुझ्या शाळेत नापास झाला असता.

मृत्यूच्या दाखल्याची प्रत सोबत आहे. तू म्हणालीस तर मी तुझ्याकडे येते.

तुझीच,
मर्लिन


तारकर्ली
५ नोव्हेंबर २०२४

मर्लिन बाय,

आधी मला राग आला. खरं सांगते. "बहीण आहे" म्हणे! मेल्याला ठाऊक होतं. मी इकडे दर मार्चला नव्या कारकुनापुढे उभी राहायची, आणि हा तिकडे निवांत खेकडे धरत होता. भांडी घासताना मी त्याला इतक्या शिव्या दिल्या की शेजारणीला वाटलं, घरात कोणी आलंय. मग रडले. पोटभर रडले. इतकी वर्षं रडायची परवानगी नव्हती, माझी मलाच.

दोन तारखेला मेलेल्यांच्या सणाला भिकाऱ्यांचं जेवण घातलं. आईबाबांचं पान, तुझ्या पप्पाचं पान आणि त्याच्या शेजारी रॉकचं. डाव माझ्याच हातात होता. मी स्वतः वाढलं. तुझ्या पप्पाच्या पानापुढे थांबून म्हटलं, "बघ रे, मांडलं."

रॉकच्या पानावर बसवायला कोणी उरलं नव्हतं. तेवढ्यात दाजी परब येऊन बसला. मी म्हटलं, दाजी, हे जेवण भिकाऱ्यांचं, तुझ्याकडे दोन बागा आहेत. तर म्हणतो, "घड्याळ आणतंय म्हणान लिवल्यान, पन्नास वर्षां मी वाट बघतंय. माझ्यापेक्षा मोठो भिकारी खंय गावतलो तुका?" आणि पुन्हा पुन्हा भात मागून घेतला. म्हणाला, भूक माझी नाही, रॉकची आहे. जेवून उठताना मात्र डोळे पुसत होता.

काल दाखला घेऊन पंचायतीत गेले. सुशांतने रॉकचं नाव कमी करायचा अर्ज लिहून घेतला. मग हळूच विचारलं, "बाई, आता तुमचं नाव लावू?" मी म्हटलं, "माझं नको, माझे किती दिवस राहिले. मर्लिनचं लाव." तो म्हणतो, "बाई, त्या तर अमेरिकेत असतात." मी म्हटलं, "मग काय झालं? आधीचे मालकसुद्धा तिथेच होते." तो हसेना. मीच हसले.

पुढच्या मार्चपासून घर तुझ्या नावाने. म्हणजे तू जिवंत आहेस आणि तारकर्लीत राहतेस, हे सरकारदरबारी दर वर्षी मी दाखवीन. पावतीवर खाली असेल, हस्ते इनासिया. त्याची काळजी तू करू नको, मला सवय आहे.

पण बाय, पत्र तू लिहायचं. कर दुसऱ्याला भरता येतो, पत्र दुसऱ्याला लिहिता येत नाही. त्या मेल्याने तेवढं एक केलं नाही. दर महिन्याला लिही. कितीही चुका असल्या तरी चालतील.

तुझी,
इनास आंटी